माझ्याबद्दलची बैठक

मी चावतो, ही शाळेतली माझी ओळख होती. नवीन सेविका कामावर आली की जुनी सेविका तिला आधी पाण्याची टाकी दाखवायची, मग संडास, आणि मग मला. "ह्याच्या तोंडाजवळ हात न्यायचा न्हाय," असं सांगून ती बाही वर सारायची आणि मनगटाच्या वरची माझ्या दातांची खूण पुढे करायची. मला त्या खुणेचा अभिमान होता. आजही आहे. ती बाई मला भरवताना पहिला घास गिळायच्या आत दुसरा कोंबायची, आणि मी ठसकलो की पाठीत गुद्दा घालायची. तिला थांब म्हणायला माझ्याकडे दातांशिवाय दुसरं काही नव्हतं.

जन्मताना मला श्वास उशिरा मिळाला. त्यामुळे माझे पाय कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर चढतात, हात त्यांच्या मर्जीने उडतात, आणि बोलायला गेलो की घशातून जे बाहेर पडतं ते ऐकून अनोळखी माणूस दोन पावलं मागे सरतो. डॉक्टर ह्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. गल्लीतली पोरं जे म्हणायची ते इथे लिहीत नाही. डोकं मात्र शाबूत आहे. हे वाक्य मला इतक्या लोकांपुढे सिद्ध करावं लागलंय की आत्ता फोनवर एका अंगठ्याने ते लिहितानाही जबडा आवळला जातो.

सोलापुरातल्या एका विशेष शाळेत मी लहानाचा मोठा झालो. शाळेचं नाव सांगत नाही. तिथली भिंत पिवळी होती, भिंतीवर ससे रंगवलेले होते, आणि सशांच्या पलीकडे पाय ताणायची खोली होती. तिथल्या बाई मला गादीवर पालथा पाडायच्या, एक गुडघा माझ्या कमरेवर ठेवायच्या आणि पाय उलट्या दिशेने ओढायच्या. व्यायाम गरजेचा होता, हे मला मान्य आहे. त्यामुळेच मी आज खुर्चीत सरळ बसतो. पण मी ओरडलो की त्या म्हणायच्या, "नाटकं करतोय," आणि आणखी ओढायच्या. त्या खोलीतून बाहेर येताना मी रोज कुणाचा तरी जीव घ्यायचं ठरवायचो. संध्याकाळपर्यंत राग उतरायचा, कारण भूक लागायची.

दर जूनमध्ये माझ्याबद्दलची बैठक व्हायची. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत पंखा लावून सगळे बसायचे. मोठ्या बाई, वर्गाच्या बाई, पाय ताणणाऱ्या बाई, आणि कडेच्या खुर्चीवर कारखान्यातली पाळी मोडून आलेला माझा बाप. तिथे माझा वर्षाचा आराखडा ठरायचा. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, असं त्याचं भारदस्त नाव. वैयक्तिक म्हणजे माझा. आणि मी बाहेर व्हरांड्यात, बाकाला पट्ट्याने बांधलेला. आत चहा जायचा, बशा वाजायच्या, कुणीतरी हसायचं. मग बाप बाहेर येऊन पट्टा सोडायचा. काय ठरलं हे विचारायची गरजच नसायची. ह्याही वर्षी मी स्वतःच्या हाताने शर्टाचं बटण लावणार होतो.

बटण. माझं अख्खं बालपण त्या एका बटणापायी गेलं. माझी बोटं बटण धरायला गेली की शर्ट फाडतात. तरी एका लाकडी पाटीवर शिवलेलं मोठं लाल बटण माझ्यापुढे ठेवलं जायचं आणि मी ते काजात घालायचं. एकदा मी ती पाटी दातात धरून भिंतीवरच्या सशावर हाणली. सशाचं तोंड फुटलं. मला दिवसभर जेवण मिळालं नाही. सोलापूरच्या ज्या पूर्व भागात निम्मे पुरुष बनियनवर आयुष्य काढतात, तिथल्या पोराला बटणावाचून काय अडणार होतं, हे त्या बैठकीत बसलेल्या एकाही माणसाला सुचलं नाही.

वाचायला मी शाळेत निम्मा शिकलो आणि घरी निम्मा. शाळेत तक्त्यावरून बाराखडी झाली आणि तिथेच थांबली. पुढचं ह्याला काय झेपणार, असं वर्गाच्या बाईंना वाटलं. घरी अम्मा विड्या वळायची. तंबाखू ज्या जुन्या वर्तमानपत्रावर पसरायची ते जमिनीवर असायचं, आणि मीही जमिनीवरच असायचो. तंबाखूच्या कडेने जेवढं दिसायचं तेवढं मी वाचायचो. खून, दरोडे, पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक. तंबाखू संपत आला की बातमीचा मधला भाग उघडा पडायचा आणि खून कुणी केला ते कळायचं. हे कुणाला माहीत नव्हतं, कारण मी काय करतोय असं मला कुणी विचारलेलंच नव्हतं.

बोलायचो मी फक्त कारखान्यात.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं. घरात आम्ही तेलुगू बोलतो, बापाला नायना म्हणतो; आमच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरोघरी तेच चालतं. माझा बाप गल्लीच्या तोंडाच्या कारखान्यात टॉवेलच्या मागांवर काम करायचा. शाळेला सुट्टी असली की तो मला उचलून तिथे नेऊन टाकायचा, सुताच्या पोत्यांवर. पत्र्याच्या त्या शेडमध्ये माग सुरू झाले की कान संपले. आवाज छातीत शिरून आतून मारतो. तिथे कुणीच कुणाशी आवाजाने बोलत नाही. सगळे तोंड मोठं उघडून ओठांनी शब्द घडवतात आणि समोरचा ते बघून घेतो. धागा तुटला, सुताची कांडी संपली, मालक आला, चहा सांग, तुझ्या आईला, सगळं ओठांनी. त्या शेडमधला प्रत्येक माणूस तिथे मुका होता आणि प्रत्येक माणूस बोलत होता. माझा घसा बिघडलाय, श्वास तुटतो, पण ओठ बरे चालतात. सवयीच्या माणसाला त्यांच्यावरून कळतं. आणि बापाला तर माझा नुसता जबडा हलला तरी कळायचं. पोत्यावर पडून मी त्याच्याशी पोटभर बोलायचो. शिव्याही तिथेच शिकलो.

शेड काही प्रेमळ जागा नव्हती. एकदा मागावरून धोटा सुटला, आडवं सूत इकडून तिकडे नेणारा, टोकाला लोखंड असलेला तो लाकडी धोटा, आणि बंदुकीची गोळी सुटावी तसा येऊन बापाच्या शेजारच्या माणसाच्या डोळ्यात घुसला. त्याचं ओरडणं आम्हाला ऐकू आलं नाही. उघडं तोंड दिसलं आणि बोटांमधून रक्त दिसलं. बापाने माग बंद केला तेव्हा तो आवाज ऐकू आला. त्या रात्री बाप जेवला नाही, आणि मी काहीतरी सांडलं म्हणून त्याने मला बडवून काढलं. आमच्या घरात भीती अशीच बाहेर पडायची, हाताने.

मी तेरा-चौदा वर्षांचा होतो तेव्हा शाळेत एक नवे सर आले. सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, उन्हाने रापलेले, अंगाने फाटके. त्यांना वर्गात पहिल्याच दिवशी कुणीतरी माझ्या दातांबद्दल सांगितलं असणार. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "चावतूस व्हय? चाव की. आमचा एडका शिंगानं उडवतुया, तुझं काय घिऊन बसलास." आणि हात पुढे केला. मी चावलो नाही. इतकं सरळ आमंत्रण आलं की मजा जाते.

मी त्यांच्या डब्याखालचा पेपर वाचतोय हे त्यांच्या तिसऱ्या घासाला लक्षात आलं. त्यांनी मुद्दाम पेपर उलटा केला, तर मी मान वाकडी केली. ते जेवायचे थांबले. मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मी डोळ्यांनी होय-नाही करत गेलो. वर्गाच्या बाई म्हणाल्या, त्याला बोलता येत नाही, वेळ घालवू नका. सर म्हणाले, "आमच्याकडं टँकरची वाट बघायची सवय हाय बाई. यील तवा यील." मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. इतकी वर्षं कुठे मेला होता हा माणूस, असं वाटलं.

त्या जूनची बैठक नेहमीची नव्हती. माझ्या वयाच्या मुलांना शाळा 'कार्यशाळेत' पाठवायची. मागच्या अंगाला पत्र्याची खोली होती, तिथे मोठी मुलं कागदाच्या पिशव्या चिकटवत बसायची. तिथे गेलेल्याच्या हातात पुन्हा पुस्तक आलेलं मी पाहिलं नव्हतं. एक मुलगा तिथे भिंतीवर डोकं आपटायचा, तासन् तास, आणि त्याच्या कपाळाला उशी बांधून ठेवली होती. मला तिथे जायचं नव्हतं. मला साध्या शाळेत जायचं होतं, आठवीत, जिथे गणित असतं, इतिहास असतो आणि परीक्षेत नापास होता येतं. सरांनी मला सांगितलं होतं की वयाप्रमाणे वर्ग मिळू शकतो, लिहायला लेखनिक मिळू शकतो. हे ऐकल्यापासून मला झोप नव्हती.

आणि सरांनी मोठ्या बाईंशी भांडून मला बैठकीत नेलं. "ज्याचा आराखडा त्यालाच भाईर बांदून ठिवता, ह्ये कुटलं शास्तर?" मोठ्या बाईंनी ओठ मुडपले, पण परवानगी दिली. पट्टा सुटला, मला चाकाच्या खुर्चीत बसवलं. मी पहिल्यांदा त्या पंख्याखाली आलो. खोली माझ्या कल्पनेपेक्षा बरीच लहान होती.

बोलणं झालं. पाय ताणणाऱ्या बाई बोलल्या, वर्गाच्या बाई बोलल्या, कार्यशाळेचं ठरलंच आहे असं मोठ्या बाई बोलल्या. मग सर म्हणाले, "आता त्याला इच्चारू." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बापाकडे बघितलं. आणि तिथे मी चुकलो. बापाशी बोलायचं म्हणजे कारखान्यातलं बोलणं, इतकंच माझ्या अंगात मुरलेलं होतं. मी आवाज काढलाच नाही. त्या शांत खोलीत मी तोंड मोठं उघडून, ओठांनी, नीट एकेक शब्द घडवून बापाला सांगितलं: मला साध्या शाळेत जायचंय. कार्यशाळेत नाही. बाकीच्यांना काय दिसलं असेल? एक पोरगं मासोळीसारखं तोंड उघडझाप करतंय. पण बापाला सगळं दिसलं. त्याच्या डोळ्यांत ते पोचलेलं मी बघितलं.

"काय म्हणतोय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

बाप खुर्चीत हलला. "त्यो म्हणतो, बाई सांगतील तसं."

आधी मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. मग माझ्या अंगात काय शिरलं ते मला माहीत आहे, ते मी विसरलेलो नाही. मी खुर्चीसकट बापावर गेलो. माझं कपाळ त्याच्या तोंडावर आदळलं आणि त्याचा ओठ दातांत सापडून फाटला. आम्ही दोघं टेबलावर आलो, टेबलावरची काच फुटली, चहाचे कप पडले. मी त्याच्या खांद्याला दात लावले आणि सोडले नाहीत. कुणीतरी माझे केस ओढत होतं, कुणीतरी नाक दाबत होतं म्हणजे मी तोंड उघडीन. रक्त कोणाचं कोणतं ते कळत नव्हतं. बापाने हात उचलला नाही. एवढ्या सगळ्या मारहाणीत तो एकटाच मारत नव्हता, आणि त्यामुळे मला आणखी चेव आला.

बैठकीतून एवढं निष्पन्न झालं की मी आक्रमक आहे. मला गोळ्या सुरू झाल्या आणि काही दिवस घरी ठेवायला सांगितलं. त्या संध्याकाळी बापाने जे शाळेत केलं नव्हतं ते घरी केलं. मागाचा चामडी पट्टा असतो, तो त्याने आणला होता. अम्मा मध्ये पडली तर तिच्या हातावर वळ उठला. मारताना तो काहीच बोलत नव्हता. फाटलेला ओठ सुजून इतका झाला होता की त्याला बोलता येणंही शक्य नव्हतं. मीही रडलो नाही. मी फक्त त्याच्याकडे बघत राहिलो, आणि तो मात्र माझ्या तोंडाकडे बघत नव्हता.

गोळ्यांनी मी चिखलात रुतलो. लाळ गळायची, बातम्यांची अक्षरं एकमेकांत घुसायची. एका सकाळी अम्माने मला भात भरवला आणि मी तो गिळायचाच विसरलो. तिने माझ्या गालातला भात बोटाने काढला, उठली, गोळ्यांची पट्टी घेतली आणि मोरीत एकेक गोळी फोडून टाकली. "चावू दे," ती म्हणाली. "चावणारा तरी माझा आहे."

डोकं जागेवर आल्यावर बाप मला कारखान्यात घेऊन जायला लागला, कारण घरी मला एकटं सोडता येत नव्हतं. पोत्यावर टाकून तो मागाकडे वळला की पाठ करूनच उभा राहायचा. बोलायचं नसलं की पाठ करायची, एवढा साधा उपाय असतो तिथे. काही दिवस मी ते सहन केलं. मग मी पाय झाडून कांड्यांचा खोका उलटा केला. कांड्या मागाखाली घरंगळल्या. बापाने माग थांबवला आणि वळला. बाकीचे माग चालूच होते.

"खोटं बोललास," मी ओठांनी म्हणालो.

"गप."

"नायना, तू बघितलंस. मी काय म्हणालो ते तू बघितलंस."

तो जवळ आला. ओठावरची खपली अजून होती. "बघितलं," तो म्हणाला. "सगळं बघितलं."

"मग का?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग तो बोलायला लागला, आणि मी त्याला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मी सहा वर्षांचा असताना त्याने मला साध्या शाळेत घातलं होतं, हे मला अंधुक आठवत होतं. जे आठवत नव्हतं ते त्याने सांगितलं. मधल्या सुट्टीत पोरांनी मला मुतारीत ढकललं होतं आणि वर दगड मारले होते. एक दगड कानामागे लागला होता. तो घ्यायला आला तेव्हा मी तिथेच पडलेलो होतो आणि माश्या बसल्या होत्या. त्याने एका पोराला धरून बडवलं, तर त्या पोराच्या काकाने चौघं आणून बापाला फाटकातच आडवं केलं. "तुला उचलून घरी आणायला माझा एकच हात चालत होता," तो म्हणाला. त्याचे ओठ थरथरत होते, त्यामुळे मला शब्द पकडायला जड जात होतं. "तिथं सगळे मारतील तुला. इथं मारणारा मी एकटा आहे."

त्याला ते खरंच वाटत होतं. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. बाप वाईट असता तर सोपं होतं.

"मार कुठं खायचा," मी म्हणालो, "ते मी ठरवीन."

त्याचा हात वर गेला. आणि तसाच राहिला, कारण त्याची नजर माझ्या मागे दाराकडे गेली होती. दारात सर उभे होते. केसांवर, भुवयांवर कापसाचं पांढरं बसलेलं, म्हणजे बराच वेळ उभे असावेत. माझी चौकशी करायला घरी गेले होते, अम्माने इकडे पाठवलं होतं. त्यांना एकही शब्द कळला नव्हता, पण एक बाप आणि एक मुलगा कडाकडा भांडतायत, एकाचं झालं की दुसरा बोलतोय, दुसऱ्याचं झालं की पहिला, हे त्यांना दिसलं होतं.

बाहेर गल्लीत आल्यावर ते माझ्यावर खेकसले. "आरं, तू तर लई बोलतूस की! मग त्या खोलीत माशासारखं तोंड कशाला वासत व्हतास?" मग बापाला म्हणाले, "आन् तुमी. तुमाला कळलं व्हतं का न्हाय त्या दिवशी?" बाप चपलेने माती उकरत राहिला. सर पुन्हा माझ्याकडे वळले. "ह्यापुढं बापाला दिसंल असं बोलायचं न्हाय. मला ऐकू यील असं बोलायचं. कसा बी आवाज निघू दे. रेड्यावानी निघू दे."

त्यांना कल्पना नव्हती ते काय मागत होते. माझा आवाज म्हणजे माझी सगळ्यात मोठी लाज होती. तो निघाला की बायका पोरांना जवळ ओढतात. मी सराव करायला लागलो तेव्हा पहिल्याच दुपारी शेजारची बाई धावत आली आणि अम्माला वाट्टेल ते बोलली, लेकराला असं मारतात का म्हणून. अम्मा विडीची पानं हातात घेऊन म्हणाली, "मारत नाही, अभ्यास करतोय." पुढे शेजाऱ्यांना सवय झाली. एक कुत्रं मात्र रोज माझ्या जोडीला भुंकायचं.

दुसरी बैठक सरांनी हट्टाने घ्यायला लावली. मुलाचं ऐकल्याशिवाय आराखड्याखाली आपण सही करणार नाही, असं त्यांनी सांगितलं म्हणे. ह्या वेळी टेबलावर काच नव्हती, आणि चहाही नव्हता. दोन सेविका माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या, एकीच्या हातात पट्टा तयार. बाप त्याच कडेच्या खुर्चीवर. त्याच्या ओठावर पांढरी रेघ उरली होती. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी मोठ्या बाईंकडे बघितलं, श्वास भरला आणि तोंड उघडलं.

जे निघालं ते शब्द नव्हतेच. पाय ताणणाऱ्या बाईंनी कानावर हात नेला. सेविका पुढे सरकली. "मागं व्हा," सर म्हणाले. मी पुन्हा श्वास भरला. "मला," सर म्हणाले. मी मान हलवली. पुढचा शब्द. थुंकी उडाली, मोठ्या बाईंच्या पेनावर पडली. सरांनी चुकीचा अंदाज केला, मी डोकं खुर्चीच्या पाठीवर आपटून नाही म्हणालो. त्यांनी दुसरा केला. नाही. माझ्या मानेच्या शिरा फुटतील असं मला वाटत होतं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते रडण्याचं नव्हतं. कडेला बाप बसला होता, त्याला पहिल्या श्वासालाच सगळं कळलं होतं, आणि त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तो एक शब्द बोलला असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्याने बोलू नये म्हणून मी देवाचा धावा करत होतो.

"साध्या. शाळेत. जायचं," सर म्हणाले. मी मान इतकी हलवली की खुर्ची हलली.

मोठ्या बाईंनी पेनावरची थुंकी पुसली. मग हलक्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाल्या, "अरे, तिथे मुलं त्रास देतील तुला, बाळा. मारतील."

मी श्वास भरला. ह्या वेळी एकच शब्द होता आणि तो तिथल्या सगळ्यांना पहिल्या फटक्यात कळला. "इथंही." आणि मी मान वळवून सेविकेच्या हातातल्या पट्ट्याकडे बघितलं. तिने तो पदराआड घेतला.

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. त्या माझ्याकडे न बघता बापाकडे वळल्या. "तुम्ही वडील आहात. तुमच्याइतकं त्याचं कुणाला कळत नाही. तुम्हीच सांगा, तो नेमकं काय म्हणतोय?"

बापाने मांड्यांखालून हात काढले. "त्यानं सांगितलं की, बाई," तो चिडून म्हणाला. "तुमाला ऐकू आलं न्हाय का?"

मला आठवीत घेतलं. घराजवळची शाळा, तळमजल्यावरचा वर्ग, दाराला फळी टाकलेली. पहिले काही आठवडे पोरं नुसती बघत होती. मी गणितात शून्य मिळवलं आणि ते शून्य घेऊन घरी आलो तेव्हा अम्माने शेजारच्या बाईला दाखवलं.

मग एका मधल्या सुट्टीत तिघांनी माझी खुर्ची पळवत नेली आणि पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवरून सोडून दिली. मी तोंडावर पडलो. पुढचा दात तुटला. मी पालथा पडलेला असताना एकाने बरगडीत लाथ घातली, का ते त्याला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. दुसरा हसायला खाली वाकला, त्याची पोटरी माझ्या तोंडाजवळ आली आणि उरलेल्या दातांनी मी माझं काम केलं. शिक्षकांना आम्हाला सोडवायला वेळ लागला. त्याला टाके पडले आणि मलाही.

बाप मला घ्यायला आला. एका हातात मी, दुसऱ्या हातात खुर्ची, असं त्याने घरापर्यंत आणलं. अम्माने तोंड धुतलं, तांब्यातलं पाणी लाल होत राहिलं. बाप दारात उभा राहून बघत होता. मग त्याने चपला घातल्या. कुठे निघालाय ते मला कळलं, अम्मालाही कळलं. मी टाके घातलेल्या तोंडाने ओरडलो, "वद्दु!" नको. गल्लीतली माणसं बाहेर आली असतील. टाका उसवला आणि हनुवटीवरून ऊन रक्त खाली आलं.

तो उंबऱ्यावर थांबला. पाठ माझ्याकडे होती. मला वाटलं आता तो वळेल आणि म्हणेल, बघितलंस, मी सांगितलं होतं. ते म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता.

तो वळला, आत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "उद्या जायचंय?"

माझ्या शाळेबद्दल त्याने मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मला हुंदका आला, रक्त नाकात गेलं, मी ठसकलो, अम्माने पाठ चोळली. मग मी श्वास भरून जमेल तेवढ्या मोठ्याने होय म्हणालो.

बापाने खुर्ची आडवी केली, चाकावर पाय दिला, आणि वाकलेल्या तारा हाताने सरळ करायला लागला.